ट्रायम्फ स्पिटफायर १५००: स्टिअरिंगमध्ये खेळ आहे, पूर्ण रॅक बदलावा का?

कॅनलीकर (कॉव्हेंट्री) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १९७७ सालची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० आहे. ती ज्या कॅनलीच्या कारखान्यात तयार झाली, त्या जागेपासून आमचे घर चालत जाण्याइतके जवळ आहे. १९८० साली तिथले मोटारींचे उत्पादन थांबले आणि आता तिथे दुकाने व कार्यालये उभी आहेत. गाडी तीन वर्षांपूर्वी एका वयस्कर गृहस्थांकडून घेतली. त्यांनी सर्व्हिसची वही फार निगुतीने ठेवली होती, आणि दरवर्षीच्या पानावर तेल बदलले, प्लग बदलले, पुढच्या सांध्यांचे ग्रीसिंग केले, अशा नोंदी त्यांच्या स्वच्छ अक्षरात आहेत.

गेल्या वर्षभरात स्टिअरिंग हळूहळू ढिले होत गेले. गाडी सरळ उभी असताना स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेवर मोजले, तर सुमारे ४० मिलिमीटर फिरवेपर्यंत पुढची चाके हलतच नाहीत. ताशी पन्नास मैलांच्या पुढे गाडी रस्त्यावर डुलते आणि सारखी सावरावी लागते, तर खड्ड्यातून जाताना उजवीकडून एक बारीक ठोका ऐकू येतो. चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८ च्या मे महिन्यापासून इथे वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही, तरीही गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी चालकावरच असते, म्हणून मी दरवर्षी स्वतःहून तपासणी करून घेतो. यंदा तपासनिसाने दोन शेरे लिहिले: स्टिअरिंगमध्ये वाजवीपेक्षा जास्त खेळ, आणि उजव्या पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्यात किंचित हालचाल.

जवळच्या एका गॅरेजने गाडी उचलूनही न पाहता पूर्ण रॅक (स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांड्याचा संच) बदलण्याचा सल्ला दिला आणि त्याचा खर्च कळवला. माझे प्रश्न असे आहेत. एवढा खेळ खरोखर रॅकमुळे येतो का? रॅक बदलायचाच असेल, तर जुना देऊन दुरुस्त केलेला घ्यावा की बाजारात मिळणारा नवा घ्यावा? आणि हे काम मी घरी करू शकेन का? ब्रेक आणि मागचे शॉकअब्सॉर्बर मी स्वतः बदललेले आहेत. जॅक, चार स्टँड आणि पान्यांचा पूर्ण संच माझ्याकडे आहे.

जुना_हेरल्ड (पुणे) यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातील रॅकचा भाग क्षणभर बाजूला ठेवतो, कारण आपण सहज लिहून गेलेल्या एका वाक्याने मला जास्त काळजी वाटते. पुढच्या सांध्यांचे दरवर्षी ग्रीसिंग झाले, असे वहीत आहे. ते ग्रीस खालच्या ट्रनियनमध्येही (चाकाच्या खालच्या पितळी सांध्यात) भरले गेले असेल, तर तो सांधा उघडून पाहीपर्यंत कृपया ही गाडी चालवू नका.

माझा अधिकार एवढाच, की आमच्या घरात मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड होती आणि तिची पुढची रचना स्पिटफायरसारखीच होती. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेरल्डचेच पुढचे सस्पेन्शन कंपनीने १९६२ च्या स्पिटफायरला वापरले, आणि हेरल्ड १९६१ पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने आपल्याकडे बनवली. चाक ज्या उभ्या दांड्यावर बसते, त्याच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. खालच्या टोकाला मात्र आटे पाडलेले असतात, आणि ते आटे एका पितळी तुकड्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, बसतात. आपण चाक वळवतो तेव्हा तो दांडा त्या पितळेत शब्दशः स्क्रूसारखा वर-खाली फिरतो. ही गाडी २४ फुटांच्या वर्तुळात वळते, त्यामुळे हे फिरणे इतर गाड्यांपेक्षा जास्तच असते.

या सांध्याला कंपनीने ग्रीस नव्हे, तर ईपी ९० हे गिअरबॉक्सच्या जातीचे जाड तेल सांगितले होते. तेल आट्यांतून झिरपत वर येते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. ग्रीस खालीच बसते, काही वर्षांत साबणाच्या वडीसारखे घट्ट होते, आणि वरच्या रबरी सीलमधून आत आलेले पाणी पोलादी आट्यांच्या खाचांत मुरते. गोंधळ होण्याचे कारण साधे आहे: तेल भरण्यासाठी तिथला प्लग काढून जो निपल बसवायचा, तो दिसायला ग्रीसच्याच निपलसारखा असतो, आणि निपल दिसला की मेकॅनिकचा हात आपोआप ग्रीसगनकडे जातो.

१९८४ च्या पावसाळ्यात माझे वडील नारायण पेठेतल्या एका बोळात गाडी वळवत होते. वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. अचानक डावे चाक फेंगडे होऊन मडगार्डखाली आडवे झाले आणि गाडी त्या कोपऱ्यावर टेकली. आट्यांच्या वरच्या टोकाशी दांडा मोडला होता. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग जुन्या गंजाने काळा पडलेला होता आणि उरलेला एक तृतीयांश चांदीसारखा चकचकीत होता, म्हणजे कित्येक महिने तेवढ्याच लोखंडावर आम्ही खंडाळ्याचा घाट चढत-उतरत होतो. त्याआधी स्टिअरिंगला कोणताही ढिलेपणा जाणवला नव्हता, ही गोष्ट मुद्दाम लिहितो. नाना पेठेत सुटा भाग मिळाला नाही, तेव्हा वडिलांनी भोसरीच्या एका लेथवाल्याकडून गनमेटलचा ट्रनियन करून घेतला आणि दांडा एका भंगारातल्या हेरल्डचा घातला. आपल्याला तिकडे सगळे नवे मिळते, त्यामुळे तो उद्योग करण्याचे कारण नाही.

आटेसूत (लेस्टर) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. ट्रनियन आधी उघडावा. मात्र आपण सांगितलेला ४० मिलिमीटरचा खेळ बहुधा त्याचा नसून वेगळ्या कारणाने आलेला असावा, आणि तो शोधायला एक मदतनीस व एक टॉर्च एवढेच लागते.

या गाडीचे पूर्ण बॉनेट पुढच्या बाजूला उलटते आणि पुढच्या टायरवर बसून सगळे सांधे डोळ्यांसमोर दिसतात. चाके जमिनीवरच ठेवा. मदतनिसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे अगदी थोडे, खेळ संपून चाक हलू लागेल इतपतच, पुन्हा पुन्हा हलवायला सांगा, आणि आपण वरून खाली एकेक सांधा तपासत जा. नुसते पाहून भागत नाही. बोटाचे पेर अर्धे एका भागावर आणि अर्धे दुसऱ्या भागावर ठेवले, की डोळ्यांना न दिसणारी हालचालही बोटाला कळते.

सुरुवात स्टिअरिंग कॉलमच्या (स्टिअरिंगच्या चाकापासून खाली येणाऱ्या दांड्याच्या) खालच्या टोकाला असलेल्या रबरी कपलिंगपासून करावी. रबर फाटलेले असते किंवा पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) दांड्यावरील दात्यांवर आवळणारा बोल्ट ढिला असतो. हा बोल्ट पिनियनच्या दांड्यावरील खाचेतून आरपार गेला पाहिजे. पूर्वी कोणी घाईत जोडताना तो खाचेच्या वर बसवला असेल, तर आवळूनही पकड मिळत नाही. त्यानंतर रॅक ज्या दोन यू-बोल्टांनी चॅसिसला धरलेला असतो, त्यांखालची रबरे पाहावीत. आपल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय यांच्यावर आहे. इंजिनच्या पुढच्या ऑइल सीलमधून गळणारे तेल नेमके यांच्यावर पडते, वर्षानुवर्षे तेल पिऊन रबर खव्यासारखे मऊ होते, आणि मग स्टिअरिंग फिरवताना चाकांऐवजी आधी संपूर्ण रॅकच बाजूला सरकतो. मदतनीस स्टिअरिंग हलवत असताना रॅकची नळी चॅसिसच्या तुलनेत सरकताना दिसली, तर निम्मा रोग सापडला असे समजावे.

यानंतर टायरॉडचे (रॅकच्या टोकापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) बाहेरचे बॉल जॉइंट, आणि रबरी बुटाच्या आतून चाचपून आतले जॉइंट तपासावेत. मग गाडी चॅसिसखाली स्टँड लावून चाके लोंबकळती ठेवावीत, कारण स्प्रिंगचा भार ट्रनियनवर असेपर्यंत त्याचा खेळ कळत नाही. चाक वर आणि खाली धरून हलवले असता जाणवणारा खेळ बेअरिंगचा, वरच्या बॉल जॉइंटचा किंवा ट्रनियनचा असू शकतो. मदतनिसाने ब्रेक दाबून धरल्यावर जो खेळ नाहीसा होतो तो बेअरिंगचा असतो, आणि या बेअरिंगमध्ये थोडा खेळ मुद्दामच ठेवलेला असतो. ब्रेक दाबूनही जो उरतो, तो सांध्यांचा.

एवढे झाल्यावरही खेळ शिल्लक असेल, तरच रॅककडे वळावे. रॅकची झीज दात्यांच्या मध्यभागी सर्वांत जास्त होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. पिनियनच्या समोर एक टोपीसारखा नट असतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि दट्ट्या, आणि नटाखाली पातळ शिम, म्हणजे जाडी जुळवणाऱ्या चकत्या. एखादी शिम काढली की मध्यावरचा खेळ कमी होतो, पण त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलेच पाहिजे. मध्यावर बरोबर आणि टोकांना जड लागत असेल, तर दाते मधेच झिजले आहेत आणि कोणत्याही शिमने ते भरून येणार नाहीत. तशा वेळी, जुन्या रॅकची नळी आणि घर शाबूत असेल, तर मी मूळचाच रॅक दुरुस्त करून घेईन. नव्या स्वस्त रॅकपैकी दोन माझ्या हातात आले होते आणि दोन्हींमध्ये जेमतेम बोटभर ग्रीस होते. कोणताही घेतला तरी बसवण्याआधी पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून जोर सगळीकडे सारखा लागतो का ते पाहावे आणि आत ग्रीस भरून घ्यावे. होय, इथे ग्रीसच. वरच्या उत्तरातला तेलाचा नियम ट्रनियनपुरता आहे. मात्र पंपाचे चार-पाच ठोके पुरेत, जास्त मारले तर बाजूचे रबरी बूट फुगून फाटतात.

वळणवेडा (मुंबई) यांचे उत्तर

रबरे बदलायचीच असतील, तर त्यांच्या जागी अॅल्युमिनियमचे ठोस माउंट घालावेत असे सुचवतो. रॅक इंचभरही हलत नाही आणि स्टिअरिंगला इतका नेमकेपणा येतो की गाडी नवी वाटते. एका मित्राच्या स्पिटफायरला ते बसवल्यानंतर मी ती चालवलेली आहे.

आटेसूत (लेस्टर) यांचे उत्तर

नेमकेपणा येतो हे खरे, पण त्यासोबत रस्त्यावरचा प्रत्येक धक्का हातापर्यंत येतो आणि इतर झिजलेल्या सांध्यांवरचा मारही वाढतो. शर्यतीच्या गाडीला ते शोभते. सध्या ज्या गाडीत कोणते भाग झिजले आहेत हेच ठाऊक नाही, तिथे सुधारणा आणि दुरुस्ती एकाच वेळी करू नये, नाहीतर कशाने काय बदलले ते कळत नाही. मूळ प्रकारची नवी रबरे घालावीत. ती बसवताना दोन्ही यू-बोल्ट बाहेरच्या दिशेला ताणून धरून मगच नट आवळावेत, म्हणजे रबर दाबलेल्या स्थितीत राहते. ही गोष्ट न केल्यामुळे नवी रबरेही महिन्याभरात डुलू लागलेली मी पाहिली आहेत.

कॅनलीकर (कॉव्हेंट्री)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले दोन शनिवार-रविवार गाडीजवळच गेले. पत्नी स्टिअरिंगवर आणि मी टायरवर, अशी तपासणी केली. ती पाच मिनिटांत म्हणाली, "अहो, तुमचा रॅक झोपाळ्यावर बसलाय." उजव्या बाजूचे रबर बोटाने चिमटीत धरताच त्याचा तुकडा निघून आला. कपलिंगच्या रबरालाही दोन ठिकाणी तडे आहेत आणि डाव्या टायरॉडचा बाहेरचा जॉइंट चांगलाच ढिला आहे. रॅकमध्ये स्वतंत्रपणे फारसा खेळ सापडला नाही.

उजवा ट्रनियन मात्र सहजासहजी उघडला नाही. तो ज्या आडव्या बोल्टवर खालच्या विशबोनला (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या तिकोनी बाहूला) जोडलेला आहे, तो बोल्ट आतल्या पोलादी नळीला गंजून चिकटला होता. भेदक तेल दोन रात्री मुरवले, हातोडी मारली, उष्णता दिली, काहीही उपयोग झाला नाही. शेवटी ट्रनियन आणि विशबोन यांच्यामधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट करवतीने कापला. बाहेर आल्यावर पाहिले, तर आतले ग्रीस खरोखर वडीसारखे झाले होते आणि नखाने खरवडून काढावे लागले. आटे स्वच्छ केल्यावर वरच्या दोन-तीन फेऱ्यांत खड्डे दिसले. तडा दिसला नाही, तरी तो दांडा मी परत घालणार नाही. दोन्ही बाजूंचे दांडे, ट्रनियन, वरचे बॉल जॉइंट, कपलिंग, रॅकची रबरे आणि टायरॉडचे दोन्ही बाहेरचे जॉइंट मागवले आहेत. या सगळ्याची किंमत गॅरेजने सांगितलेल्या आकड्याहून थोडी जास्तच झाली, पण त्या आकड्यात यांतला एकही भाग नव्हता. जोडताना काय सांभाळावे?

जुना_हेरल्ड (पुणे) यांचे उत्तर

आपण दांडा परत घातला नाही, हे फार बरे केले.

एका बाजूच्या जोडीला सरळ आटे असतात आणि दुसऱ्या बाजूच्या जोडीला उलटे, म्हणून डाव्या-उजव्याची अदलाबदल होऊ देऊ नका. जोर लावून आटे चढवावे लागत असतील, तर थांबा, कारण बहुतेकदा चुकीची जोडी हातात असते. ट्रनियन दांड्यावर तळाला लागेपर्यंत हाताने फिरवा आणि नंतर बोल्टचे भोक जुळेपर्यंत तो मागे घ्या, मात्र एका पूर्ण फेऱ्यापेक्षा जास्त नाही. तळाला टेकलेलाच ठेवला, तर स्टिअरिंग टोकापर्यंत वळवताना आटे आतमध्ये अडतात, आणि एवढा खर्च करून घातलेला नवा दांडा मोडायला तेवढे कारण पुरते. जोडून झाल्यावर चाक बसवण्याआधी हब (ज्यावर चाक बसते तो भाग) हाताने दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. कुठेही थडकता कामा नये. मग प्लगच्या जागी निपल लावून वरच्या सीलपाशी तेल दिसेपर्यंत ईपी ९० भरा. नेहमीच्या ग्रीसगनमध्ये तेल घातले की ते सगळीकडून गळते, तेव्हा जुने कपडे घाला. ही क्रिया पुस्तकात दर सहा हजार मैलांनी सांगितली आहे, पण आपली गाडी वर्षाला तेवढी चालत नसेल, तर हिवाळ्याआधी एकदा तेल भरून ठेवत जा. आडव्या बोल्टला तांब्याची पेस्ट लावायला विसरू नका, म्हणजे पुढच्या माणसाला करवत लागणार नाही.

आटेसूत (लेस्टर) यांचे उत्तर

टायरॉडचा जॉइंट काढताना त्याच्या उतरत्या टोकावर हातोडी मारू नका. नट सैल करून तसाच राहू द्या, ज्या डोळ्यात ते टोक बसते त्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून धरा आणि समोरून दुसऱ्या हातोडीने एक खणखणीत ठोका द्या, की टोक टप्पकन सुटते. जॉइंट फिरवून काढताना किती फेरे लागले ते कागदावर लिहा आणि नवा तितकेच फेरे घाला, म्हणजे टो-इन (पुढची चाके पुढून किंचित आत वळलेली असण्याचे माप) निदान जवळपास राहील आणि अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नेता येईल. रॅकची रबरे घालण्याआधी स्टिअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर निम्म्यावर आणा, मगच कपलिंग जोडा. नाहीतर गाडी सरळ चालेल आणि स्टिअरिंगचे चाक वाकडे राहील. विशबोनची रबरी बुश असलेले बोल्टही उघडले असतील, तर ते गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण आवळा.

कॅनलीकर (कॉव्हेंट्री)

काल सर्व जोडून झाले आणि आज सकाळी अलाइनमेंट करून आणली. चाकाच्या कडेवरचा खेळ आता सुमारे १० मिलिमीटर आहे, उजवीकडचा ठोका गेला आणि ताशी साठ मैलांवरही गाडी रेषेत चालते. उजवीकडच्या काढलेल्या दांड्याचे टोक मी गॅरेजमधल्या फळीवर ठेवले आहे.

एकच नवी अडचण उभी राहिली. कालपासून हॉर्न वाजत नाही. फ्यूज ठीक आहे आणि हॉर्नला थेट बॅटरीची तार लावली तर तो वाजतो. हे काम करताना मी हॉर्नच्या तारांना हातही लावलेला नाही.

आटेसूत (लेस्टर) यांचे उत्तर

हात लावला आहे, फक्त ते लक्षात आले नाही. हॉर्नच्या बटणाला अर्थिंग कॉलममधून मिळते, आणि रबरी कपलिंग वीज अडवते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना जोडणारी एक छोटी वेणीदार तार असते. नवे कपलिंग बऱ्याचदा तिच्याशिवाय येते. जुने कपलिंग अजून कचऱ्यात गेले नसेल, तर त्यावरची तार काढून तिची टोके पॉलिशपेपरने घासा आणि नव्यावर त्याच बोल्टांखाली बसवा.